ताप माणसाचा, खूण गोठ्यात



मी वॉर्डात नर्स होते तेव्हाची गोष्ट. एक ताई तीन आठवड्यांच्या तापाने दाखल झाली होती. संध्याकाळी ताप चढायचा, रात्री घामाने चादर भिजायची, सकाळी उतार पडायचा. कंबर आणि गुडघे धरलेले. टायफॉइडच्या गोळ्यांनी चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. एके दिवशी तिची सासू सहज बोलून गेली, "दीड महिन्यामागं शेळी गाभडली, तवापासून घरात आजारपणच लागलंय." मग रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि ब्रुसेलोसिस निघाला. तोवर आमच्यापैकी कोणीही, मीसुद्धा, "घरी जनावर आहे का?" असे विचारले नव्हते.

हा रोग पसरतो कसा?

ब्रुसेला नावाच्या जिवाणूमुळे हा रोग होतो. तो गाय, म्हैस, शेळी, मेंढी या सगळ्यांना होतो. आपला सोलापूर जिल्हा पंढरपुरी म्हशीचा, आणि उस्मानाबादी शेळी तर वस्तीत कितीतरी दारांत बांधलेली असते. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

रोगी जनावर बहुधा गाभणपणाच्या शेवटच्या काळात गाभडते. पडलेला गर्भ, वार आणि अंगावरून जाणारे पाणी यांत जिवाणू खच्चून भरलेले असतात. ते चाऱ्यावर आणि पाण्यात जातात, दुसरी जनावरे चाटतात आणि कळपभर रोग होतो. फसवणूक पुढे आहे. तीच शेळी पुढच्या खेपेला नीट विते, धडधाकट दिसते, पण दुधातून आणि विताना जिवाणू बाहेर टाकतच राहते. अशी शेळी बाजारात विकली, की आजारही दुसऱ्याच्या दारात गेला.

जनावर धडधाकट दिसते म्हणून जग पूर्वीही फसले आहे. माल्टा बेटावर ब्रिटिश सैनिक तापाने आजारी पडत. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या डॉक्टरांनी जिवाणू शोधला, पण तो येतो कुठून हे कळेना. १९०५ मध्ये थेमिस्टोक्लिस झामिट यांनी शेळ्या तपासल्या आणि निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांतच तो सापडला. पुढच्या वर्षी सैन्यात शेळीचे दूध बंद केले आणि रुग्ण झपाट्याने घटले.

माणसाला कसा होतो?

उघड्या हाताने वार किंवा गर्भ उचलल्याने, हातावरच्या जखमेतून, गोठा झाडताना श्वासातून आणि कच्च्या दुधातून. धारोष्ण दूध ताकदीचे, डेंग्यूत शेळीचे कच्चे दूध गुणकारी, हे समज सोडा. माणसापासून माणसाला हा रोग क्वचितच होतो, त्यामुळे रुग्णाला वेगळे टाकू नका. गरोदर बाईचा गर्भ पडू शकतो, पुरुषांचे अंडकोष सुजू शकतात. माणसासाठी याची लस नाही. मात्र औषध आहे. साधारण सहा आठवडे, एकापेक्षा जास्त प्रतिजैविके एकत्र. ताप गेला म्हणून मध्येच सोडली, तर रोग उलटतो.

हे काम कोणाच्या हातून होते?

मेलेली गुरे ओढण्याचे काम आपल्या पूर्वजांवर जातीने लादले होते. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडा, असे बजावले. आजही कोणी शे-दोनशे रुपये देऊन "तेवढे उचलून टाक" म्हणते, तेव्हा उघडे हात कोणाचे असतात, हे पाहा. आणि घरच्या गोठ्यात ते हात बहुतेक वेळा बाईचे असतात.

काय करावे?

१. गाभडलेल्या जनावराला वेगळे बांधा. गरोदर बाई आणि मुलांना तिथे जाऊ देऊ नका.

२. हातमोजे नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी हातात घाला, तोंडाला कापड बांधा. गर्भ आणि वार कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. उकिरड्यावर टाकू नका. नंतर हात साबणाने धुवा.

३. दूध चांगली उकळी येईपर्यंत तापवा. चीकही कच्चा पिऊ नका. खरवस नीट वाफवून खा. मटण, काळीज पूर्ण शिजवा.

४. १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा आणि जनावराचे रक्त तपासून घ्या.

५. गाई-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना सरकारी लस आयुष्यात एकदाच दिली जाते. ती चुकवू नका. या सरकारी मोहिमेत शेळ्या येत नाहीत, म्हणून नवी शेळी आणली तर महिनाभर वेगळी बांधा आणि तपासून घ्या.

६. ताप आठवड्यावर गेला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. आपणच सांगा: "घरी शेळी आहे, ती गाभडली होती, मी हात लावला होता."

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा एवढे विचारा: वर्षभरात कोणाची शेळी गाभडली? ती कोणी उचलली? त्या घरात कोणाला ताप आहे? उत्तर "हो" आले, तर त्या माणसाला एकट्याला पाठवू नका. कोणीतरी सोबत दवाखान्यात जा.