एकादशीपर्यंत थांब

बाळ, ‘निवृत्तीनंतर देवाचं बघू’ म्हणणारी माणसं मी खूप पाहिली. निवृत्ती येते तोवर गुडघे गेलेले असतात, पाठांतर होत नाही आणि मन घर, जमीन, वाटण्या यांत रुतलेलं असतं. तू आत्ताच लाग, आहे त्या धबडग्यात.

अरणच्या सावता माळ्यानं मळा सोडला नाही. खुरपताना, पाणी देताना त्यानं विठ्ठल धरून ठेवला, आणि आजही आषाढात पांडुरंगाची पालखीच अरणला जाते. तेव्हा नोकरी आणि मुलांची शाळा आड येते, हे मला पटणार नाही. आठवड्याला हरिपाठाचा एक अभंग धरलास तर सहा-सात महिन्यांत सगळा तोंडी येईल. मग पुस्तक नको, वेगळी वेळही नको. पोळ्या लाटताना म्हण. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9,000. रोज पंचवीस वाचल्यास तर वर्षात पारायण होतं. अर्थ लागला नाही म्हणून अडून बसू नकोस.

आता एकादशी. खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस, असा थाट मांडलास तर तो उपास नव्हे, पोटाला जाच. माझ्या सासूबाईंनी मला दिलेला नेम तुला देते. एकादशीला काही विकत घ्यायचं नाही, आणि मनात भरलेली वस्तू पुढची एकादशी उलटल्याशिवाय घरात आणायची नाही. त्या काळी बोहारीण दारात यायची, आता मोबाइल हातातच असतो, म्हणून तुला हा नेम जास्त लागेल. वस्तूचं नाव, किंमत चिठ्ठीवर लिही आणि हरिपाठाच्या पुस्तकात ठेव. एकादशीला चिठ्ठी उघड. पुष्कळदा हाव आपोआप गेलेली असते. जी वस्तू खरंच हवी वाटेल ती द्वादशीला आनंदानं घे. जिची गरज सरली, तिचे पैसे डब्यात टाक. आषाढात दिंडीच्या पंगतीला ते लागतील.

तुकोबांनी सावकारीचे अर्धे कागद भावाला दिले आणि आपल्या वाट्याचे इंद्रायणीत बुडवले, अशी परंपरा सांगते. तुझ्यावर घराचं कर्ज आहे, ते वेळेवर फेड. पण कामाला येणाऱ्या ताईंनी अडचणीत घेतलेले हजार-दोन हजार दर महिन्याला मनात मोजत बसू नकोस. सोडून दे, आणि सोडलंस हे त्यांना सांगून टाक, म्हणजे त्याही मोकळ्या होतील.

सगळी वारी जमेपर्यंत एक टप्पा चाल, पुणे ते सासवड. दिवे घाटात दम लागतो, तिथं बोलू नकोस, मनात नाम घे. दिंडीत तुझ्याहून वयानं मोठं कुणी ‘माऊली’ म्हणत तुझ्या पाया पडलं तर अवघडून मागं सरू नकोस. तूही वाक. नवीन चप्पल घालू नकोस आणि पाण्याची बाटली सोबत घे.