ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून

१:२४ मापाच्या मॉडेल मोटारीच्या बॉनेटवर लाल ग्लॉस रंग मारला आणि त्यात ०.१ मिलिमीटरचा कण बसला, तर खऱ्या मोटारीच्या हिशेबात तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा खडा होतो. १:७२ च्या विमानावर तोच कण सात मिलिमीटरचा! मॅट रंगात बारीकसारीक खपून जातं, ग्लॉसमध्ये काहीच लपत नाही. म्हणून इथे मोटारच धरून चालू.

दोष आपण हवेला देतो, पण बरीच धूळ आधीपासून मॉडेलवरच असते. किटचे भाग स्प्रूवर, म्हणजे ज्या प्लास्टिकच्या चौकटीला ते जोडलेले येतात तिच्यावर, असतानाच कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशने धुवावेत. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट पदार्थ राहिला असेल तर तोही निघतो. पाणी कढत नको, पातळ भाग वाकतात. जोडणी आणि घासकाम झालं की बॉडी पुन्हा धुवायची. हे दुसरं धुणं बहुतेक जण टाळतात, आणि दारांच्या खाचांत अडकलेली घासकामाची भुकटी पहिल्या फवाऱ्याबरोबर बाहेर येते.

धुतल्यावर पुसू नका. कोरडं फडकं घासलं की पॉलिस्टायरिनवर स्थिर विद्युत साठते आणि आसपासचे तंतू ते स्वतःकडे ओढतं. कोरड्या हवेत, म्हणजे पुण्या-नाशकाच्या हिवाळ्यात, हा त्रास जास्त. दुधावर झाकतो ती जाळी ठेवून बॉडी आपोआप वाळू द्यावी. रंगाच्या आधी शेवटचा हात टॅक क्लॉथचा, म्हणजे धूळ टिपणाऱ्या चिकट कापडाचा, तोही हलका. दाबलं तर त्याचा चिकटपणा प्लास्टिकवर उतरतो. कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर असेल तर उत्तम. तोंडाने फुंकर मात्र नाही, थुंकीचे शिंतोडे उडतात.

खोलीचा केर रंगकामाच्या आदल्या दिवशी काढा. रंगाच्या तोंडावर झाडू मारण्यापेक्षा न मारलेला बरा. त्या दिवशी फक्त टेबल आणि फरशी ओल्या फडक्याने पुसायची, पंखा अर्धा तास आधी बंद करायचा. हवा फार कोरडी असेल तर स्प्रे-बाटलीने जमिनीलगत थोडं पाणी फवारावं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात हा उपाय विसरा. दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, आणि ती धुळीपेक्षा वाईट. अंगात स्वेटर किंवा लोकरीची शाल नको. बाह्या दुमडलेल्या बऱ्या.

पंखा बंद ठेवल्यावर थिनरच्या वाफांचं काय, हा खरा पेच आहे. पाण्यावर चालणारं ॲक्रिलिक ब्रशने लावत असाल तर फारशी चिंता नाही. लॅकर किंवा स्प्रे कॅन असेल तर सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क हवाच, शिवाय वाफा खिडकीबाहेर नेणारा स्प्रे बूथ असावा. गॅलरीत फवारायचा मोह होतो, पण तिथे रस्त्याची धूळ आणि वारा दोन्ही आहेत. घरात समई, उदबत्ती किंवा गॅस पेटलेला असताना फवारणी करू नये.

बॉडी रिकाम्या बाटलीवर दुहेरी टेपने बसवा, म्हणजे बोट लागत नाही. रंग नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळून घ्या. बाटलीच्या तोंडाशी सुकलेले पापुद्रे हमखास आत पडतात. एअरब्रश फार लांब धरला तर थेंब हवेतच सुकतात आणि खरखरीत होऊन बसतात. ती धूळ नव्हे, पण दिसते अगदी तशीच.

झाकण आधीच तयार हवं. बाटलीसकट बॉडी आत मावेल असा प्लास्टिकचा उंच डबा आतून ओल्या फडक्याने पुसून हाताशी ठेवावा, आणि शेवटचा हात मारला की लगेच पालथा घालावा. काठाखाली दोन काड्या सरकवा, नाहीतर वाफा कोंडून रंग मऊ राहतो. ॲक्रिलिक लवकर सुकतं. इनॅमल मात्र तासन्‌तास चिकट असतं, त्याला रात्रभर झाकूनच ठेवायचं. उघडून बघायचं नाही!

इतकं करूनही एखादा केस बसतोच. टोक वर आलं असेल आणि रंग अगदी ओला असेल तरच चिमट्याने उचला; नाहीतर हात मागे. बोटाने काढायला गेलात तर कणाच्या जागी खड्डा पडेल. रंग पूर्ण कडक होऊ द्या, इनॅमलला त्यासाठी काही दिवस लागतात. मग २००० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात बुडवून तेवढ्याच जागी हलक्या हाताने फिरवा आणि रबिंग कंपाउंडने चमक परत आणा. कडा आणि उठावाच्या रेषांपासून लांब राहा, तिथे रंग सर्वांत पातळ असतो.

मेटॅलिक रंगावर हा इलाज थेट करू नये. घासलं की त्यातली धातूची चकाकी विस्कटते आणि डाग उमटतो. कण मेटॅलिक थरातच रुतला असेल तर ती जागा सपाट करून त्या पॅनेलवर मेटॅलिकचा हात पुन्हा मारावा लागतो. तो वरच्या क्लिअर कोटमध्ये असेल तर पेपर क्लिअरपुरताच फिरवायचा.