आधी शिकावे, मग शिकवावे

मनुष्य पोटासाठी गाव सोडतो, तेव्हा त्याचे हात आणि कसब त्याच्याबरोबर जाते. परंतु त्याची भाषा पुष्कळदा परमुलखात मुकी होते. शेतावर राबणाऱ्या मजुरास ही केवळ गैरसोय नसते. तिच्यापायी त्याची मजुरी बुडते, प्रसंगी जीवही धोक्यात येतो. अशा मजुरांना विद्यार्थ्यांनी कसे शिकवावे, याचा आपण थोडा विचार करू.

कॅनडात 1899 साली आल्फ्रेड फिट्झपॅट्रिक या धर्मोपदेशकाने लाकूडतोड्यांच्या तळांवर वाचनशिबिरे सुरू केली. यांतूनच पुढे ‘फ्रॉन्टियर कॉलेज’ ही संस्था उभी राहिली. शिकविणारा दिवसभर रिकामा आणि शिकणारे श्रमाने थकलेले, अशा स्थितीत दोघांत आपलेपणा कसा निर्माण व्हावा? म्हणून विद्यार्थ्याने दिवसा मजुरांबरोबर त्यांचेच काम करावे व रात्री शिकवावे, अशी पद्धत पडली. या ‘मजूर-शिक्षकां’मध्ये 1911 साली नॉर्मन बेथ्यून हा तरुण होता. पुढे तो शल्यवैद्य झाला आणि चीनमध्ये जखमी सैनिकांची शुश्रूषा करताना 1939 साली निवर्तला. त्याच्या नावाने चालणाऱ्या तेथील रुग्णालयाचे प्रमुखपद 1941 साली आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांनी भूषविले, हे वाचकांस ठाऊक असेलच.

कॅनडातील शेतांवर हंगामी मजूर आणण्याची सरकारी योजना 1966 साली जमैकापासून सुरू झाली. 1974 साली तीत मेक्सिको आला. मेक्सिकोच्या मजुराची भाषा स्पॅनिश, मालकाची इंग्रजी. तेव्हा याच संस्थेचे विद्यार्थी शेतांवर जाऊन त्यांना इंग्रजी शिकवू लागले. अशा मजुरास आरंभी व्याकरण नको असते. फवारणीच्या औषधाच्या डब्यावरील सूचना वाचणे, वैद्यास दुखणे सांगणे, पगाराची चिठ्ठी समजणे, एवढे त्यास प्रथम हवे असते. पण हे त्याच्या शेजारी वाकून काम केल्यावाचून शिक्षकास कसे कळावे?

आता स्वदेशाकडे वळू. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना आदी जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. शहरातला विद्यार्थी कोयता म्हणजे एक हत्यार समजतो. तेथे नवराबायकोची जोडी मिळून ‘एक कोयता’ होतो. हंगामापूर्वी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम ती ‘उचल’, आणि ती तोडणीतून फेडावयाची. समजा, एका कोयत्याने रोज दीड टन याप्रमाणे 30 दिवस ऊस तोडला, तर 45 टन झाले. वहीत 40 टनच लिहिले असतील, तर उरलेल्या 5 टनांची मजुरी कोठे गेली, हे विचारण्यास अक्षर आणि अंक दोन्ही लागतात. या मजुरांच्या मुलांसाठी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा निघाल्या. परंतु काट्यावरची पावती वाचण्याचा धडा आईबापांनाही तितकाच हवा.

आपल्या माळव्यातही झाबुआ व अलिराजपूर भागांतील भिल्ल कुटुंबे गव्हाच्या कापणीसाठी येतात. त्यांची मातृभाषा भिली. हिंदी त्यांस दुसरी भाषा. घरी मराठी, बाजारात हिंदी व माळवी आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन घाटांचे पाणी प्यालेल्या उज्जैनीच्या मराठी मुलांस त्यांची अडचण इतरांहून लवकर उमगावी. परभाषेत चुकण्याचा संकोच आपण अनुभवला आहे. अडाणीपणा आणि अनोळखी भाषा या भिन्न गोष्टी आहेत, हे आपणांस सांगावे लागू नये.

गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपल्यापैकी अनेकजण महाविद्यालयात गेल्यावर तीत सामील होतील. त्यांनी मजुरांच्या पालांवर पाटी घेऊन जाण्यापूर्वी एक दिवस विळा हाती घ्यावा, त्यांच्या भाषेतले दहा शब्द त्यांच्याकडूनच शिकावेत, आणि त्यांस कोणता कागद वाचता यावासा वाटतो, ते विचारावे. जो कागद ते दाखवतील, तोच पहिला धडा समजावा.