घोड्याचे रक्त आणि माणसाचे प्राण

केसलापूरची नागोबाची जत्रा आपल्या जिल्ह्यात कोणास ठाऊक नाही? पौष अमावास्येस मेश्राम कुळातील गोंड बांधव तेथे नागदेवतेच्या पूजेस जमतात. याच जिल्ह्यात मृगाचा पाऊस पडला म्हणजे कापसाच्या शेतात निंदणाऱ्या बायामाणसांना सर्पदंश होऊ लागतात. अशा वेळी माणसाच्या मदतीस येतो तो घोडा.

मी वर्गात विचारले, घोडा कोणत्या उपयोगाचा? टांगा, वरात, लढाई ही उत्तरे आली. कुराणातील शंभरावा अध्याय धावत्या घोड्यांच्याच नावाचा आहे, हे एका मुलीने सांगितले. औषधासाठी, असे मात्र कोणीच म्हणाले नाही. म्हणून हा पाठ.

1890 साली बेरिंग व किटासाटो यांनी दाखविले की, धनुर्वाताचे विष अल्प प्रमाणात टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. 1894 साली काल्मेत या फ्रेंच वैद्याने तीच युक्ती नागाच्या विषावर चालविली. पुढे असे कळून आले की, एका सापाचा उतारा दुसऱ्या सापास चालतोच असे नाही. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांची विषे घोड्यास टोचतात. मात्रा प्रथम अगदी थोडी, मग हळूहळू वाढती. चारशे किलो वजनाच्या घोड्याच्या अंगी सुमारे तीस लिटर रक्त असते, त्यामुळे त्यातील थोडे काढले तरी तो ते भरून काढतो. रक्तातील पिवळसर द्रव ठेवून घेऊन तांबड्या पेशी त्यास परत देण्याचीही रीत आहे. त्या द्रवातून प्रतिद्रव्ये वेगळी काढून, सुकवून, बाटलीत भरतात. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेने हे काम नावारूपास आणले. पुढे निघालेल्या हाफकिन महामंडळाची घोड्यांची पागा पुण्याजवळ पिंपरीस आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईस घोणस चावली. आधी मंत्र झाला, त्यात दोन तास गेले. मग इस्पितळात डॉक्टरांनी तिचे रक्त स्वच्छ काचेच्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवले. ते गोठले नाही. तेवढ्यावरून विष भिनल्याचे ठरले व औषध सुरू झाले. एवढ्या रोग्यास प्रारंभीच आठ-दहा बाटल्या लागतात. लहान मुलासही तितक्याच लागतात, कारण साप वय पाहून विष सोडीत नाही! ती बाई वाचली.

पण या व्यवहारात घोड्याच्या पदरी काय पडते? येथे सरळ बोलले पाहिजे. विष टोचल्या जागी गळू होते, वारंवार रक्त गेल्याने पंडुरोग होतो. जेथे देखभाल हलगर्जी, तेथे जनावराचे हाल होतात. तेव्हा कमी विषात व कमी रक्तात अधिक औषध निघावे, हे संशोधन घोड्याच्याही हिताचे आहे. हरियाणातील हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. घोड्यांच्या इन्फ्लुएंझावर तेथे लस काढली गेली. 2006 साली महाराष्ट्रासह अनेक प्रांतांत ग्लँडर्स हा रोग उद्भवला, तो ओळखण्याच्या कामी हे केंद्र उपयोगी पडले. हा रोग घोड्याकडून माणसास होतो, म्हणजे घोड्याची चिकित्सा ही मालकाचीही राखण होय.

दुसरा प्रश्न आपल्या मातीचा आहे. औषधासाठी लागणारे बहुतेक विष मद्रासजवळच्या इरुळा सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रांतोप्रांती भिन्न असते, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी दाखविले आहे. मग आमच्या काळ्या रानातील घोणशीवर ते औषध किती चालते, हे कोणी तपासावे? 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने दगावतात. त्यांतील बहुतेक खेड्यांतली.

आपल्या ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या अभियांत्रिकीस व वैद्यकीस जातात, जाव्यात. पण पशुवैद्यक शिकणाऱ्या एका मुलास किंवा मुलीस ती मिळावी, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. आणखी एक अल्प खर्चाचे काम आहे. धनुर्वातास घोडा माणसाहूनही लवकर बळी पडतो. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोडे विकत घेणारे आपल्याकडचे लोक परतले की, त्या जनावरांना धनुर्वाताची लस टोचण्याचे एक शिबिर भरवावे. जागेसाठी आमच्या शाळेचे पटांगण रविवारी मोकळे असते.