ढेकणांचे निदान आणि निर्मूलन

प्रश्न : घरात ढेकूण असल्याची खात्री कशी करावी, आणि धान्यात ठेवण्याच्या गोळ्या खोलीत ठेवल्यास ते मरतील काय? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : अंगावरील गांधी डासांमुळेही उठत असल्याने तेवढ्यावरून निदान होत नाही, गादीच्या शिवणी व पलंगाचे सांधे विजेरीने तपासल्यास पचलेल्या रक्ताचे काळे ठिपके, टाकलेली कात आणि पांढरी अंडी दिसतात, आणि हाच खरा पुरावा होय. ढेकूण अस्वच्छतेतून उपजत नाहीत, तर तुळजापूरची यात्रा असो वा ऊसतोडीचा मुक्काम, प्रवासातील वळकट्यांतून येतात. त्यात लाजण्यासारखे काहीच नाही.

मे महिन्याच्या उन्हातही गादीच्या सावलीकडील बाजूस ते तग धरतात; म्हणून कपडे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत, फटींत उकळते पाणी ओतावे आणि नवी पिल्ले निघत असल्याने हे दर आठवड्याला पुन्हा करावे.

धान्याच्या गोळ्या मात्र कदापि वापरू नयेत, कारण त्यांतील ॲल्युमिनियम फॉस्फाइडपासून हवेतील ओलाव्यामुळे फॉस्फीन हा प्राणघातक वायू निर्माण होतो, ज्यावर उतारा उपलब्ध नाही. शेतातील कीटकनाशकेही अंथरुणावर फवारू नयेत.