मुख्याध्यापकांना आपला गट सापडेल कुठं?
अभ्यासपाठ : शाळेच्या गणवेशाचं काम आणि गटाची वेबसाईट



२०२४-२५ या शाळावर्षात ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत कापड सरकारनं एकत्र घेतलं आणि शिलाईचं काम माविममार्फत महिला बचत गटांना मिळालं. त्या वर्षी बऱ्याच ठिकाणी गणवेश उशिरा पोचले, मापाच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनानं निर्णय बदलला. २०२५-२६ पासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे गेलं.

आपल्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. तेव्हा काम वरून वाटून येत होतं. आता एकेक शाळा स्वतः ठरवणार. मशीन आहे, हात आहे. पण राणीसावरगावच्या किंवा धारासूरच्या मुख्याध्यापकांना आपला गट माहीतच नसेल, तर ऑर्डर शहरातल्या दुकानात जाईल. म्हणून हा पाठ.

आपलं गिऱ्हाईक कोण?

इथं एकटे मुख्याध्यापक निर्णय घेत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे समितीत आपल्यासारख्याच बाया बसलेल्या असतात. मुख्याध्यापक बैठकीत दर आणि कागद मांडतात, समिती ठराव करते.

आता पैशाचा हिशोब. समग्र शिक्षा योजनेत एका गणवेशाला ३०० रुपये, म्हणजे दोन गणवेशांना मुलामागे ६०० रुपये मिळतात. ६० मुलांची शाळा धरली तर १२० गणवेश आणि ३६,००० रुपयांचं काम. कापड, शिलाई, बटण, पोचवणूक सगळं यातच बसवायचं. ३०० च्या वरचा दर सांगितला, तर जास्तीचे पैसे समितीनं आणायचे कुठून?

वेबसाईटवर काय लिहायचं?

वेबसाईट म्हणजे जत्रेतला फलक नव्हे. मुख्याध्यापकांनी बैठकीत मोबाईल पुढे धरून समितीला दाखवावं, असं एक पान पुरेसं आहे. त्या पानात पाच प्रश्नांची उत्तरं हवीत.

१. काय शिवता? कोणत्या इयत्तेपर्यंत, मुलांचं काय, मुलींचं काय. शिवलेल्या गणवेशाचे फोटो उजेडात काढा : एक पुढून, एक आतल्या शिलाईचा. शिक्षकांना शिलाई किती टिकेल ते बघायचं असतं.

२. दर काय? कापडासह वेगळा, फक्त शिलाईचा वेगळा. “दरासाठी फोन करा” असं लिहू नका. दर दिसला नाही तर माणूस पुढच्या दुकानाकडे वळतो.

३. किती दिवसांत? समजा चार मशीन आहेत आणि एका मशीनवर दिवसाला पाच गणवेश होतात. मग दिवसाला २० आणि १२० गणवेशांना सहा दिवस. पण लाईट जाते, कुणाच्या घरी लग्न निघतं. म्हणून पानावर दहा दिवस लिहा आणि आठव्या दिवशी द्या. सहा लिहून दहाव्या दिवशी दिलं, तर पुढच्या वर्षी ती शाळा आपली राहत नाही.

४. माप चुकलं तर? “शाळेत येऊन माप घेऊ. महिनाभरात उसवलं किंवा घट्ट झालं तर फुकट दुरुस्त करून देऊ.” हे एक वाक्य गावातल्या गटालाच लिहिता येतं. लांबच्या दुकानदाराला ते परवडत नाही. आपली खरी ताकद हीच.

५. कागद आहेत का? गटाच्या नावाचं बँक खातं, छापील बिलबुक, उद्यम नोंदणी. ही नोंदणी सरकारी वेबसाईटवर फुकट होते, त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ज्यांच्याकडे ही कागदं आहेत त्यांनी तसं पानावर लिहावं.

बनवायची कशी?

तीन पायऱ्या, तिन्ही बिनपैशाच्या. आधी व्हॉट्सॲप बिझनेस घेऊन त्याच्या कॅटलॉगमध्ये फोटो आणि दर टाका. मग गुगल बिझनेस प्रोफाईलवर गटाची नोंद करा, म्हणजे गटाचं नाव शोधलं की नकाशात जागा दिसेल. पूर्वी तिथंच फुकट वेबसाईटही बनायची, ती सोय गुगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. म्हणून तिसरी पायरी गुगल साईट्स : त्यात वरची पाच उत्तरं मराठीत लिहून एक पान करा. कॉलेजात जाणारी लेक किंवा सून असेल तर तिला सोबत बसवा. पासवर्ड मात्र अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे हवा. लेक लग्न होऊन गेली आणि पासवर्डही तिच्याबरोबर गेला, असं होऊ नये.

पान तयार झालं म्हणजे ऑर्डर आपोआप येत नाही. लिंक केंद्रप्रमुखांना पाठवा. त्यांनी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकली तर केंद्रातल्या सगळ्या शाळांत पोचते. मग एक नमुना गणवेश पिशवीत घालून प्रत्यक्ष जा. पान ओळख करून देतं, विश्वास कापड हातात घेतल्यावर बसतो.

वेळ चुकवू नका

शाळा जूनच्या मध्यात उघडते, पण मे महिन्यात मुलं शाळेत नसतात. म्हणून मापं सुट्टी लागण्याआधीच घ्यावी लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत पान तयार, मार्चमध्ये नमुना दाखवणं, एप्रिलमध्ये मापं, मे महिन्यात शिलाई. जूनमध्ये जाग आली तर उरतात फक्त दुरुस्त्या.

सांभाळून

• मुलांचे चेहरे दिसणारे फोटो टाकू नका. गणवेश टांगून फोटो काढा.
• “मोठी ऑर्डर देतो, पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा” असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की आपल्याच खात्यातून पैसे जातात.
• शाळेचं अनुदान उशिरा येऊ शकतं. कापडापुरती आगाऊ रक्कम किती आणि बाकी कधी, हे ऑर्डर घेतानाच लिहून घ्या.
• गटातली ताई समितीतही असेल, तर तिनं बैठकीत तसं उघड सांगावं आणि निर्णय बाकीच्यांवर सोडावा. एकदा संशय आला की चांगली शिलाईही झाकली जाते.

गटाच्या बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गावापासून एका रिक्षाभाड्याच्या अंतरात किती शाळा आहेत? त्यांची यादी करा.
२. कापड, शिलाई, बटण आणि वाहतूक धरून आपला एक गणवेश कितीला पडतो? ३०० मध्ये ताईच्या हाती किती उरतं?
३. वरच्या पाच प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नाचं उत्तर आज आपल्याकडे नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी शोधा. वेबसाईट त्यानंतर एका दुपारी होते.