कर्तृवाचक नामे आणि स्त्रीचे श्रम : गिरणगाव व धाटाव

कोकणातून पोटासाठी मुंबईस गेलेल्या पुरुषास मराठीत ‘चाकरमानी’ हा शब्द आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर रोहे, माणगाव, महाड या तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील तालुक्यांतून अनेक पुरुष मुंबईच्या कापड गिरण्यांत नोकरीस होते. त्या सर्वांना हे नाम पुरले. मात्र त्यास स्त्रीलिंगी रूप रूढ झाले नाही. मागे राहून भाताची खाचरे सांभाळणारी त्याची बायको आणि त्याच्याबरोबर जाऊन गिरणीत उभी राहणारी स्त्री, या दोघींसाठीही वेगळा शब्द घडला नाही. औद्योगिक वस्तीतील स्त्रीपुरुषांच्या व्यवसायांचा साहित्याच्या आधारे अभ्यास करू पाहणाऱ्यास ही उणीव प्रथम लक्षात घ्यावी लागते. व्यवसायनामांच्या मागाने शोध घेतल्यास पुरुष सापडतात. स्त्रिया बहुतांशी निसटतात.

उणिवेचे मूळ गिरणीत नाही, शेतात आहे. भातशेतीत नांगरणी पुरुषाची, लावणी मुख्यत्वे स्त्रियांची. नांगर धरणारा ‘नांगऱ्या’ किंवा ‘औत्या’ होतो. वर्षाच्या बोलीवर राहिला तर ‘सालगडी’ होतो. दिवसभर कंबरेत वाकून चिखलात रोपे लावणाऱ्या मात्र ‘लावणीच्या बाया’. पुरुषाच्या क्रियेपासून कर्तृवाचक नाम बनते. स्त्री षष्ठीच्या प्रत्ययाने कामाला जोडली जाते. काम संपले की तो संबंधही संपतो.

यावर आक्षेप घेता येईल की मराठीत कुंभारीण, परटीण, तेलीण, माळीण अशी नामे विपुल आहेत. परंतु ‘-ईण’ या प्रत्ययाने ‘त्या व्यवसायाची स्त्री’ आणि ‘त्या व्यावसायिकाची बायको’ हे दोन्ही अर्थ सूचित होतात. बलुतेदारीत ही संदिग्धता खपून गेली. घर हेच कामाचे स्थान असल्याने कुंभाराची बायको माती मळतच असे. कारखान्याने घर आणि काम यांची फारकत केली आणि प्रत्यय निकामी झाला. साचेवाल्याची बायको साच्यावर जात नाही, म्हणून ती ‘साचेवाली’ नव्हे. ‘जॉबरीण’ हा शब्द तर कानाला विनोदीच वाटेल.

मुंबईच्या गिरणगावात पुरुषांसाठी साचेवाला, विणकर, जॉबर, मुकादम, बदलीवाला अशी नामावळी तयार झाली. स्त्रिया प्रामुख्याने रीलिंग व वाइंडिंग या खात्यांत होत्या. त्यांची ओळख खात्यावरून : ‘वाइंडिंगमधल्या बाया’. पुन्हा तीच षष्ठीसारखी रचना. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत स्त्रिया सुमारे पंचमांश होत्या. पुढे हे प्रमाण सतत घसरत गेले. स्त्रियांना रात्रपाळी देण्यास कायद्याने मनाई, मुंबई प्रांतातील १९२९ च्या प्रसूती लाभ कायद्यामुळे मालकांवर आलेला खर्च आणि नवी यंत्रे, अशी कारणे त्यामागे सांगितली जातात. त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीस मात्र नाव होते : ‘नायकीण’. ‘नायक’ या शब्दाने पुढारीपण सूचित होते. त्याच्याच स्त्रीलिंगी रूपास मराठीत कलावंतिणीचा आणि वारांगनेचा अर्थ चिकटलेला होता. अधिकार चालवणाऱ्या कामगार स्त्रीस भाषेने दिलेले हे एकमेव पद कलंकित निघावे, हे विचार करण्याजोगे आहे.

या नियमाला एक ठळक अपवाद दिसतो. मासळीवाली, भाजीवाली, खाणावळवाली ही निःसंशय कर्तृवाचक नामे होत, आणि त्यांतून कुणाचीही बायको सूचित होत नाही. मालकाच्या हाताखाली राबणारी स्त्री नामहीन राहते. स्वतः बाजारात उभी राहणारीस नाव मिळते. खाणावळवाली तर गिरणगावाचा आधारच होती. एकट्या राहणाऱ्या कामगारांना ती चाळीतल्या आपल्याच खोलीत जेवू घाली आणि हिशेब महिन्याचा ठेवी. पण बोलीने दिलेले नाव कागदावर उतरेलच असे नव्हते. १९५१ च्या जनगणनेत स्वावलंबी, मिळवते अवलंबित आणि न मिळवते अवलंबित असे वर्ग होते. नवऱ्याच्या खोलीत दहा जणांचा स्वयंपाक करणारी स्त्री यांपैकी कोठे बसावी? ‘अवलंबित’ हा शब्द तिला लागण्याचाच संभव अधिक. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केल्यावर या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळू लागले. चुलीपुढचे काम हा पत देण्याजोगा व्यवसाय आहे, हे मान्य व्हायला एवढा काळ जावा लागला.

साहित्याकडे वळताना हे भान आवश्यक ठरते. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ (१९३३) या कादंबरीपासून गिरणी मराठी कथनात आली, तरी ‘कामगार’ या शब्दाने वाचकाच्या मनात पुरुषच उभा राहत गेला. नारायण सुर्वे यांची कविता येथे वेगळी ठरते. त्यांना वाढवणारे गंगाराम व काशीबाई हे दोघेही गिरणीत कामाला होते. त्यांच्या ‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या कवितेत मुलाला शाळेत घालायला आलेल्या आईपुढे बापाच्या नावाचा प्रश्न उभा राहतो. नोंदवहीचा रकाना आणि जगणारी स्त्री यांचा हा सामना आहे; कवितेचा रोख सामाजिक आहेच, पण तो भाषिकही आहे, याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) कारखाने गिरणगावाबाहेर पसरत गेले. त्या ओघात कुंडलिका नदीकाठच्या धाटाव येथे रासायनिक कारखाने आले. चाकरमान्याच्या गावाजवळच चाकरी आली. व्यवसायनामे आता इंग्रजीतून येतात : ऑपरेटर, फिटर, हेल्पर, केमिस्ट. या शब्दांना ‘-ईण’ लागत नाही, ‘-वाली’ही नाही; वरवर ती लिंगनिरपेक्ष आहेत. तरी बोलण्यात ‘फिटर आला’ असेच ऐकू येते. आजच्या मराठी कार्यालयांत आणि कारखान्यांत टेबलामागची स्त्री ‘मॅडम’ असते, झाडलोट करणारी ‘मावशी’. शिपायालाही कोणी ‘मामा’ म्हणतात, पण त्याचे ‘शिपाई’ हे पद बोलण्यातही टिकून आहे. ‘मावशी’ हे नाते मात्र पदाच्याच जागी बसले आहे : ‘नव्या मावशी ठेवल्या’ असे वाक्य मराठीत सहज बोलले जाते.